निर्विचार मन म्हणजे दुःखमुक्ती नव्हे

‘विचार थांबवा, दुःख आपोआप संपेल, खऱ्या साधकाला वेदना होत नाही आणि त्याला औषधाचीही गरज उरत नाही, बुद्धाने हेच शिकवले’ अशा आशयाचा मजकूर सध्या मोठ्या श्रद्धेने पुढे पाठवला जात आहे. यातील तीनही विधाने बुद्धाच्या नावावर खपवलेली आहेत आणि बुद्धाची शिकवण जपणाऱ्या प्राचीन पाली ग्रंथांच्या कसोटीवर त्यांतले एकही टिकत नाही.

पहिले विधान विचार थांबवण्याचे. बोधिप्राप्तीपूर्वी सिद्धार्थ गौतम आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या आचार्यांकडे शिकले. उद्दकाकडची सर्वोच्च अवस्था इतकी सूक्ष्म होती की तिच्यात जाणीव आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही. ती साध्य करूनही, तिने निर्वाण लाभत नाही हे ओळखून ते तेथून निघाले. मनाची नीरवता हीच मुक्ती असती, तर त्यांचा शोध तिथेच संपला असता. पुढे सतिपट्ठान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचे प्रवचन) त्यांनी सांगितले ते असे की, चित्तात आसक्ती असेल तर आसक्ती आहे असे आणि द्वेष असेल तर द्वेष आहे असे साधकाने स्पष्ट जाणावे. अकुशल विचार आवरण्याचे पाच उपाय वितक्कसण्ठान सुत्तात आहेत, हे खरे; पण दातांवर दात दाबून मनाला बळाने आवरणे हा त्यांतला शेवटचा, आधीचे चार निष्फळ ठरल्यावरचा.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण ते साधकाला स्वतःच्याच वेदनेची लाज वाटायला लावते. सल्ल सुत्तात बुद्ध दोन बाणांचा दृष्टान्त देतात: शरीराची वेदना हा पहिला बाण आणि तिच्यावरचा आक्रोश, चडफड, शोक हा दुसरा. अभ्यासी माणसालाही पहिला बाण लागतोच. दुसरा लागत नाही. त्याच सुत्तातले आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: अनभ्यासी माणूस वेदना होताच इंद्रियसुखाकडे धावतो, कारण सुटकेची दुसरी वाट त्याला ठाऊकच नसते. ध्यानाच्या बैठकीत गुडघा दुखू लागतो तेव्हा हे प्रत्यक्ष तपासता येते. नीट पाहिले तर तिथे ठणका असतो, ताण असतो, उष्णता असते आणि ती क्षणाक्षणाला कमीजास्त होत असते. ‘ही बैठक संपणार तरी कधी’ हा त्रागा त्याहून वेगळा, वर चढलेला असतो. तो त्रागा ओळखू आला की त्याची पकड सैल होते, गुडघा मात्र दुखतच राहू शकतो. आंतरिक स्वातंत्र्य म्हणतात ते या सैल होण्यात आहे, बधिरतेत नाही. स्वतः बुद्धांनी कपिलवस्तूत आपल्या शाक्य कुळातील लोकांसमोर, पाठ दुखत असल्याचे सांगून, पुढील उपदेश आनंद या शिष्यावर सोपवला होता, असे सेख सुत्तात नमूद आहे.

तिसऱ्या विधानाला फार शब्द खर्चण्याची गरज नाही. विनयपिटक या भिक्षुसंघाच्या नियमग्रंथातील महावग्ग या भागात भिक्षूंच्या औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि वैद्य जीवकाने खुद्द बुद्धांवर उपचार केल्याची नोंदही महावग्गातच आहे. शिवाय तीव्र मानसिक आजारात ध्यानाच्या दीर्घ मौन शिबिराने काही जणांचा त्रास वाढतो. त्यामुळे अशा व्यक्तीने नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि चालू असलेले औषध कोणाही साधकाच्या सांगण्यावरून बंद करू नये.