जॉर्जियाचे तीन झेंडे आणि अप्पांचा प्रश्न

२००५ चा उन्हाळा. माझे सासरे, अप्पा, मिरजेहून पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाला आले होते. पाहुणे आले की स्टोन माउंटन हा जवळचा डोंगर दाखवायचा, हा इथल्या मराठी घरांचा ठरलेला कार्यक्रम. पायवाटेनं चढायला लागलं की वाटेत एका ओट्यावर तेव्हा कॉन्फेडरेट झेंडे, म्हणजे गुलामगिरी टिकवायला १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे झेंडे, फडकत असायचे. (२०२१ मध्ये ते तिथून हलवून पायथ्याशी नेले.) अप्पा दम खायला थांबले, मान वर केली आणि म्हणाले, "अगं, हा तुमच्या जॉर्जियाचाच झेंडा ना? मधलं चिन्ह छापायचं राहिलंय वाटतं."

"नाही हो अप्पा, तो वेगळा," म्हणायला मी तोंड उघडलं आणि पुढे काही सुचेना. निळा चौकोन, त्यात गोलात तारे, बाकी लाल-पांढरा-लाल पट्टे. म्हाताऱ्या माणसानं दोन मिनिटांत जे पाहिलं ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

आम्ही २००० च्या शेवटी इथे आलो आणि पहिल्या अडीच वर्षांत राज्याचे तीन झेंडे पाहिले. घरातले पडदेसुद्धा मी एवढ्या वेळा बदलले नाहीत.

आलो तेव्हाचा झेंडा १९५६ चा होता. दोन तृतीयांश भागात लाल कापडावर निळी फुली आणि तारे, म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजांचा रणध्वज. तो राज्याच्या झेंड्यात आला युद्ध संपून नव्वद वर्षांनी! १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि दोन वर्षांत अटलांटातल्या विधिमंडळानं हा झेंडा मंजूर केला. पूर्वजांचं स्मरण वगैरे कारणं सांगितली जातात. मला ती पटत नाहीत. १९५४ च्या आधी पूर्वज आठवले नव्हते का?

अटलांटातल्या १९९६ च्या ऑलिंपिकआधी तो बदलावा म्हणून गव्हर्नर (म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख) झेल मिलर यांनी जोर लावला, पण विधिमंडळापुढे त्यांचं काही चाललं नाही. शेवटी जानेवारी २००१ मध्ये गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी घाईघाईनं बदल करून घेतला. १९५६ मध्ये तो झेंडा सभागृहात पुढे रेटणारे डेनमार्क ग्रूव्हरसुद्धा आता बदलाच्या बाजूनं बोलले.

नवा झेंडा मात्र... काय सांगू. ड्रायव्हिंग लायसन्सच्या रांगेत उभी असताना मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. गडद निळं कापड, मधोमध सोनेरी राजमुद्रा, खाली पट्टीवर 'जॉर्जियाचा इतिहास' असं लिहून ओळीनं पाच झेंडे, तिकिटाएवढे. त्यात जुना फुलीवालाही होता. निळ्या चादरीवर कुणीतरी लग्नपत्रिका चिकटवावी तसं दिसत होतं. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेनं ७२ झेंड्यांवर मतं घेतली. जॉर्जिया बहात्तरावा.

बार्न्स २००२ ची निवडणूक हरले. गावाकडच्या रस्त्यांवर 'बूट बार्न्स' (बार्न्सना हाकला) अशा पाट्या लागलेल्या असायच्या. हरण्याची कारणं आणखीही होती, पण झेंडा त्यातलं एक, हे कुणी नाकारत नाही. त्यांच्या जागी सनी पर्ड्यू गव्हर्नर झाले, ते झेंड्यावर लोकांना मत देऊ देईन असं सांगून. फुलीवाला परत येणार म्हणून त्याचे चाहते खूश.

आणि इथेच खरी गंमत झाली. मे २००३ मध्ये पर्ड्यूंनी सही केली ती तिसऱ्याच झेंड्यावर. मार्च २००४ च्या मतदानात पर्याय दोनच ठेवले, २००१ चा आणि २००३ चा. फुलीवाला मतपत्रिकेवर नव्हताच. जवळजवळ तीन चतुर्थांश मतं २००३ च्या झेंड्याला पडली. वाद मिटला. सगळे खूश.

आता तो झेंडा आहे तरी काय? १८६१ साली फुटून निघालेल्या दक्षिणेचा पहिला राष्ट्रध्वज, 'स्टार्स अँड बार्स'. त्यात तेरा ताऱ्यांच्या मधे राज्याचं चिन्ह (तीन खांबांची कमान आणि तलवार उपसलेला माणूस) आणि खाली 'देवावर आमचा भरवसा' अशा अर्थाची ओळ घातली, की जॉर्जिया तयार. हा मूळ झेंडा अमेरिकेच्या झेंड्यासारखा इतका दिसायचा की १८६१ च्या मनॅससच्या लढाईत धुरात कोण आपलं, कोण परकं हेच कळेना. म्हणून तर तो फुलीवाला रणध्वज जन्माला आला! रणांगणात ज्याची ओळख पटत नव्हती, तोच दीडशे वर्षांनी सोयीचा ठरला, कारण आताही तो कुणी ओळखत नाही.

माझं मत विचाराल तर या तिन्हींत तो लग्नपत्रिकेवालाच प्रामाणिक होता. दिसायला भयंकर, पण आपल्याकडे काय काय होऊन गेलं ते त्यानं निदान लपवलं नव्हतं.

ऑफिसातल्या माझ्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीला हे मत अजिबात मान्य नाही. तिनं २००४ मध्ये मत दिलं होतं. आम्ही तेव्हा व्हिसावर, आम्हाला हक्क नव्हता. तिनं २००३ वाल्यालाच दिलं. म्हणाली, "फुलीवाला लावलेला ट्रक मागून आला की माझे वडील गाडी बाजूला घेऊन थांबायचे. हा झेंडा बघून कुणी थांबत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी मत बदललेलं नाही, हेही खरं.

परत जाताना अप्पांनी विमानतळावर हातभर काठीचा छोटा झेंडा विकत घेतला. मिरजेच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी तो बरीच वर्षं होता. कुणी विचारलं की सांगायचे, "जॉर्जियाचा आहे. नवा काढलाय त्यांनी." आणि मग माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.