वाचनालयात, दुपारी तीन वाजता

बाबांना पक्षाघात झाला त्याला आता दीड वर्ष होईल. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. हॉस्पिटलमधून घरी सोडलं तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड होतं, गोळ्यांच्या वेळा होत्या, पुढच्या तपासणीची तारीख होती. पण एवढ्या उंचापुऱ्या माणसाला पलंगावरून उठवून खुर्चीत कसं बसवायचं, हे कुणीच दाखवलं नाही. चार महिने मी त्यांना उजव्या हाताला धरून ओढून उठवत होते. ते कण्हायचे. मला वाटायचं, आजारच असा आहे, दुखणारच.

माझं चुकत होतं हे मला कळलं ते ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात. शनिवारची दुपार, पंचवीसेक माणसं, आणि बोलायला आलेली एक फिजिओथेरपिस्ट. तिने दोन टेबलं जोडून त्यावर एका आजोबांना झोपवलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. स्नायूंचा आधार गेलेला असतो, खांदा सांध्यातून सरकतो." मग दाखवलं. आधी चांगल्या-वाईट बाजूचा अंदाज घेऊन कुशीवर वळवायचं, गुडघे वाकवायचे, पाय खाली सोडायचे, आणि मग पाठीमागे हात घालून उठवायचं. आपण वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. आम्ही एकेकाने उठून करून पाहिलं. घरी येऊन मी तसंच केलं आणि बाबा कण्हले नाहीत. हे लिहितानाही डोळे भरून येतात.

फोनवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत, मी पाहिलेही होते. पण व्हिडिओ आपला हात धरून "इथे नको, जरा खाली" असं सांगत नाही. आणि व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही.

त्या दिवशीचा एक प्रश्न तर मी विसरूच शकत नाही. पन्नाशीचा एक गृहस्थ उभा राहिला. आई अंथरुणाला खिळलेली, घरी दुसरी बाई नाही, ब्युरोकडून आईला सांभाळायला येणारी मावशी सुट्टीवर गेली की आईचं डायपर त्यालाच बदलावं लागतं. "आई तोंड फिरवून रडते, मी काय करू?" खोलीत कुणी हललंसुद्धा नाही. मग मागून एक आजी बोलल्या. नवऱ्याचं सगळं त्यांनी सहा वर्षं केलं होतं. म्हणाल्या, "अंगावर चादर राहू दे बाळा, तिच्याखालून हात घाल. आणि करताना तिच्याशी बोलत राहा, गप्प राहू नकोस." हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं असतं?

म्हणून मला कळकळीने वाटतं की हे काम वाचनालयांनी हाती घ्यावं. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, शिकायचं, ही सवय आपल्याला नवी नाही. वाचनालयात शिरताना कुणी "तुम्हाला काय झालंय?" असं विचारत नाही. हॉस्पिटलच्या सभागृहात जायला कचरणारी माणसंही इथे पुस्तक बदलायच्या निमित्ताने येतात.

एका वाचनालयाच्या ओळखीच्या कार्यकारिणी सदस्यांशी बोलले तर ते म्हणाले, वाचनालयात साहित्य हवं, आजारपण कशाला? मला ते मुळीच पटलं नाही. पुस्तकं उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेला ग्रंथालयशास्त्राचा पहिलाच नियम आहे. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर आहे, हे २००७ च्या कायद्यात आलं. ती निभावायची कशी, हे शिकायला मात्र जागा नाही.

व्याख्यान ठेवा, पण संध्याकाळी सातला नको. ती जेवणाची, औषधांची, बारा तासांच्या मावशी निघून जाण्याची वेळ. दुपारी तीनला पेशंट झोपलेला असतो, तेव्हाच आम्ही जेमतेम दीड तास बाहेर पडू शकतो. तळमजल्यावर ठेवा, कारण येणाऱ्यांपैकी अर्ध्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले असतात. शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकात वीस मिनिटं घालवू नका. विषय तर कितीतरी आहेत. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. भरवताना बसवायचं, नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. बोलता न येणाऱ्या माणसाला समजत असतं का, यावर तर एक अख्खी दुपार हवी. बाबांना पुष्कळसं समजतं, हे कळायला आम्हाला किती उशीर झाला! तोवर त्यांच्या देखत आम्ही त्यांच्याबद्दल काय काय बोललो.

आणि काउंटरवर एक कागद चिकटवा: ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७, मन फार थकलं तर मानसिक आधाराची हेल्पलाइन टेली मानस १४४१६. पुस्तक बदलायला आलेल्या एखादीला तोच हवा असेल.

त्या वाचनालयात या शनिवारी पुन्हा तीन वाजता बैठक आहे. आमच्या आसपास राहणाऱ्या कुणाला जायचं असेल आणि घरी पेशंटजवळ बसायला माणूस नसेल, तर मला मेसेज करा. त्या दिवशी बाबांजवळ भाऊ आहे. मी तुमच्याकडे येऊन बसेन.