आकाशातून युरिया पडत नाही

मृग जवळ आला की दरवर्षी गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. यंदा तो आमच्या वाडीतल्या एका काकींनी मनावर घेतला आणि भाताला काहीच घातलं नाही, शेणखतसुद्धा नाही. श्रावणात त्यांच्या खाचरातली रोपं खालच्या पानांपासून पिवळी पडत गेली. मग घाईने थोडा युरिया दिला. पंधरवड्यात रंग आला, पण फुटवे कमी ते कमीच राहिले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हवेत ७८ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन आहे. विजा कडाडल्या की तेच युरिया होऊन पावसातून उतरतं, आणि कोकणात पाऊस तर भरपूर. शिवाय आपण दाढ, म्हणजे भाताची रोपं वाढवायची जागा, पाला-शेणी जाळून भाजतो, त्या राखेतून नत्र मिळतं. युरिया विष आहे, शेणातलं नत्र तेवढं खरं. तेव्हा विकतचं खत घालूच नका.

७८ टक्के हा आकडा खरा आहे. एका गुंठ्यावरच्या हवेत साडेसातशे टनांहून जास्त नत्र असतं. पण त्याचे दोन-दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की भाताच्या मुळाला ते सुटत नाहीत, पानाला तर नाहीच. पिकाला नत्र लागतं ते अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात.

विजेचं अर्धवट खरं. तिच्या उष्णतेत हवेतलं नत्र आणि प्राणवायू जुळतात आणि पावसातून नायट्रेट उतरतं; युरिया नव्हे. ते वर्षाला हेक्टरी फार तर काही किलो. भाताला शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्राची. आणि कोकणात विजा चमकतात कधी? वळवाच्या सरींना, नाहीतर परतीच्या पावसात. आषाढात दिवसरात्र कोसळत असतो तेव्हा गडगडाट फारसा नसतोच, आणि लावलेली रोपं भुकेली असतात ती नेमकी त्या दिवसांत. उलट आपला पाऊस नत्र देण्यापेक्षा नेतोच जास्त. जांभ्याच्या मातीत नायट्रेट टिकत नाही, पाण्याबरोबर वहाळाला लागतं.

"मग पहिल्या पावसात सगळं हिरवंगार कसं होतं?" हे मला हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे. उन्हाळाभर तापलेल्या मातीत सुकलेला पाला, मेलेली मुळं, मेलेले सूक्ष्मजीव साठलेले असतात. ओल लागताच जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि त्यातलं नत्र मोकळं होतं. ती हिरवाई आकाशाची कमी, गेल्या वर्षीच्या पाल्याची जास्त.

राखेचं तर साफ उलटं आहे. कवळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), शेणी, पेंढा जाळला की त्यातलं बहुतेक नत्र धुराबरोबर जातं. राखेत उरतो पोटॅश आणि चुना. दाढ भाजल्याने तणाचं बी मरतं, रोपं जोमाने येतात, हा अनुभव खोटा नाही. पण त्याचं श्रेय नत्राला देऊ नका.

हवेतलं नत्र फुकट मिळवायचंच असेल तर त्याची वाट आपल्या वाडवडिलांना माहीत होती. भात कापल्यावर ओलीवर वाल, कुळीथ टाकतात ना? थंडीत फुलावर आलेला वालाचा एक वेल खुरप्याने अलगद मातीसकट उचला आणि मुळं पाण्यात धुवा. मण्यांसारख्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी निघते. आपल्या रक्तात असतं तशाच जातीचं एक द्रव्य तिथे प्राणवायूला आवरून धरतं, आणि त्या आडोशाने रायझोबियम जिवाणू हवेतला तिहेरी बंध तोडतो. आतून गाठ हिरवट किंवा करडी निघाली तर काम थांबलंय. बांधावरच्या गिरिपुष्पाच्या मुळांवरही असंच चालतं. त्याचा पाला चिखलणीत गाडला की ते नत्र भाताला मिळतं. खाचराच्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळही थोडं नत्र बांधतं. युरियाशिवाय शेकडो वर्षं भात पिकला तो यांच्या आणि शेणाच्या जिवावर, पण उतारा बेताचाच असायचा.

"शेणातलं नत्र खरं, युरियातलं विष" हे मला मुळीच पटत नाही. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात हवेतल्या नत्राचा आणि नैसर्गिक वायूतल्या हायड्रोजनचा अमोनिया करतात, त्याचा युरिया होतो. मातीत जिवाणू त्याचं अमोनियम करतात, शेणाचंही अखेर तेच होतं. मुळाला फरक कळत नाही. ४५ किलोच्या गोणीत वीस किलोंवर नत्र असतं. तेवढं शेणखतातून द्यायला चार टन लागेल. शेणखत घालाच, माती भुसभुशीत राहते, ओल धरते. पण गोठ्यात एक-दोन गुरं उरलेल्या घरी चार टन आणायचं कुठून?

मेसेजमधली एक काळजी मात्र माझीही आहे. भर पावसात फेकलेल्या युरियाचा मोठा वाटा पिकाला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन उडतो, काही वहाळातून खाडीत जातो. तिथे शैवाल माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत आधीच प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि तिथले जिवाणू नायट्रेटचं पुन्हा नत्रवायू करून हवेत सोडतात. आपण पैसे मोजून घेतलेलं नत्र असं परत वर जातं.

यावर उपाय युरिया सोडणं नाही. डॉ. सावंतांच्या चारसूत्री नावाच्या भातलागवड पद्धतीत युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची गोळी चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. तिथल्या चिखलात प्राणवायू नसल्याने अमोनियमचं नायट्रेट होत नाही, ते मातीलाच धरून राहतं. पुढच्या लावणीला काकींच्या खाचरात गोळ्या खोचायला मी स्वतः जाणार आहे.