ऑक्सिजनच्या टाकीच्या वॉलला (व्हॉल्व्हला) तेलाचे हात लावू नका रे बाप्पा!
आमच्या फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचं काळं सिलिंडर भर उन्हात भिंतीले नुसतं टेकवलेलं, ना साखळी ना टोपी, आन् बाजूले अ‍ॅसिटिलीनचं (वेल्डिंगच्या जळणाऱ्या गॅसचं) मरून रंगाचं सिलिंडर आडवं लोळवलेलं! अरे भाऊ, ते आडवं ठेवलं की आतलं अ‍ॅसिटोन, म्हणजे ज्याच्यात गॅस विरघळवलेला असते ते पातळ रसायन, गॅससोबत बाहेर येते, ते उभंच ठेवा लागते, कितीदा सांगायचं? त्याच्यावर कहर म्हणजे ट्रॅक्टरच्या कामाचे ग्रीसचे हात तसेच ऑक्सिजनच्या वॉलले लावतेत, वॉल कडक झाला तर वरून तेल सोडतेत! भरलेल्या टाकीत १५० बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दीडशे पट प्रेशर असते, तिथं तेल पेटायले ठिणगी बी लागत नाही. टोकलं तं म्हणते, काही होत नाही काका. आन् शिकाऊ पोट्टं चप्पल घालून टाकी लाथेनं गडगडवत आणते, मालक समोर बसून पाहाते!