'मा' म्हणजे आईच? कोणत्या भाषेत?

आमच्या मामाने गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तीन जोडलेले हात, खाली 'किमान अकरा जणांना पाठवा'. असले मेसेज मी एरवी न उघडताच पुढे सरकते. पण त्याच रात्री पावणेबाराला धाकट्या बहिणीचा निरोप आला: 'ताई, याने अजून एकदाही मा म्हटलेलं नाही. नुसतं बाबा बाबा चाललंय. मी कामावर लवकर रुजू झाले म्हणून असेल का गं?' पोरगं अकरा महिन्यांचं आहे. मग मात्र मी तो मेसेज शब्दन् शब्द वाचला, आणि झोप गेली ती गेलीच.

ज्यांच्याकडे अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जगातल्या सातही हजार भाषांत 'मा' चा अर्थ एकच, आई. पुरावा म्हणून माँ, अम्मा, उम्म, मॉम, मम्मी. का, तर सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. गाईचं वासरूसुद्धा 'मां' म्हणतं. पुढे इशारा: मुलांना 'मम्मी-डॅडी' शिकवू नका, ममी म्हणजे प्रेत आणि डॅड म्हणजे मेलेला. आणि शेवटचा घाव: बाळाचा पहिला शब्द बेंबीच्या देठापासून येतो आणि तो 'मा' च असतो, ज्याचा पहिला शब्द दुसरा, त्याच्या आईची माया कुठेतरी कमी पडली.

वासराचं सोडून देऊ. आपण त्याला 'हम्मा' म्हणायला लावतो, इंग्रज 'मू' म्हणायला लावतात, वासराला कुणी विचारलेलं नाही.

सुरुवात सात हजार भाषांपासून. मेसेज लिहिणाऱ्याने शेजारपाजारच्या चार भाषा जरी चाळल्या असत्या तरी पुरलं असतं. अरबीत 'मा' म्हणजे 'काय', आणि काही वाक्यांत 'नाही'. फारसीत 'मा' म्हणजे 'आम्ही'. इटालियनमध्ये 'पण'. हंगेरियनमध्ये 'आज'. एस्टोनियनमध्ये 'मी'. फ्रेंचमध्ये 'माझी'. पोलिशमध्ये 'त्याच्याकडे आहे'. जपानीत 'मा' म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळी जागा, मधला अवकाश. व्हिएतनामीत सपाट सुरात 'मा' म्हटलं तर भूत. सूर चढवला तर मात्र आई, निदान दक्षिणेकडच्या बोलीत. म्हणजे जराशा सुरावर आईचं भूत होतं. चिनी भाषेचं उदाहरण तर भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात भेटतं: उंच सपाट सुरात 'मा' आई, चढत्या सुरात भांगेच्या जातीचं, धाग्यासाठी लावतात ते झाड, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा, झपकन उतरत्या सुरात शिव्या घालणं, आणि वाक्याच्या शेवटी सूर न लावता म्हटलं की आपला प्रश्नार्थक 'का?'. एकाच भाषेत पाच अर्थ, त्यातला आईचा एक.

आणि हे सगळं कशाला, मेसेज मराठीत आहे. मराठीत आईला काय म्हणतात? आई. त्यात 'म' कुठे आहे? माय आहे, माउली आहे, मान्य. पण घरात हाक मारायचा शब्द 'आई', त्यात ओठ मिटतसुद्धा नाहीत. लिहिणाऱ्याने आपल्याच आईला हिशेबातून वगळलं. मराठीत सुटा 'मा' मला दिसतो तो फक्त निमंत्रणपत्रिकेवर, पुढे टिंब देऊन, प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी.

आता संस्कृत. इथे तर मेसेजने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. संस्कृतात आईला माता म्हणतात, जननी म्हणतात, अंबा म्हणतात. नुसता 'मा' येतो तो बहुतेक वेळा 'नको' म्हणायला. 'मा शुचः', शोक करू नकोस. 'मा फलेषु कदाचन' मधला 'मा' सुद्धा तोच. परंपरेने ज्याला आद्य श्लोक मानतात त्याचा पहिलाच शब्द बघा: 'मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः शाश्वतीः समाः'. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला एक मारणाऱ्या पारध्याला वाल्मीकी सांगतायत की तुला कधीही प्रतिष्ठा मिळू नये. शाप आहे तो. गंमत म्हणजे जुन्या टीकाकारांना महाकाव्याची सुरुवात शापाने होणं खटकलं, तेव्हा त्यांनी 'मानिषाद' असा जोडून शब्द घेतला: मा म्हणजे लक्ष्मी, तिचा निवास जिथे तो मानिषाद, म्हणजे विष्णू. आणि शापाचा आशीर्वाद झाला! 'माधव' मधला 'मा' ही लक्ष्मीच. शिवाय 'मा' हा मोजणे या अर्थाचा धातू, ज्यातून मात्रा आणि प्रमाण आले. आणखी एक 'मा' म्हणजे 'मला'. ज्या भाषेच्या नावाने हा सगळा जयजयकार चाललाय, तिच्यातच या एका अक्षराचे इतके अर्थ.

एक गोष्ट मात्र, जिवावर आलं तरी, कबूल करायला हवी. संस्कृत मातृ, लॅटिन मातेर, ग्रीक मेतेर, फारसी मादर, रशियन मात्य, इंग्रजी मदर हे शब्द खरोखर एकमेकांचे सख्खे नातलग आहेत. तो योगायोग नाही. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं. पण त्याने म्हटलं ते असं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. म्हणजे संस्कृत ही थोरली बहीण म्हणा हवं तर, आई नव्हे. आणि हे घराणं जगातल्या अनेक घराण्यांपैकी एक. तमिळ, चिनी, अरबी, हंगेरियन या त्या घरातल्या नाहीतच. मेसेजमधली तमिळ 'अम्मा' आणि अरबी 'उम्म' बाहेरून आणून या कुटुंबाच्या फोटोत उभी केलेली आहेत.

मम्मी आणि ममी. हा मुद्दा मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, तेव्हा तो भाषणांत असायचा, आता फोनवर आलाय. आधी हे ठरवा की 'मम्मी' पवित्र आहे की अपवित्र. वरच्या परिच्छेदात ती 'मा' च्या विश्वव्यापी महिम्याचा पुरावा आहे आणि चार ओळी खाली ती प्रेत झाली. हा मजकूर एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिला असेल तर त्याला नमस्कार.

खरं काय आहे? फारसीत 'मोम' म्हणजे मेण. हो, मोमबत्तीतला मोम तोच. त्यावरून डांबरासारख्या एका काळ्या पदार्थाला मोमियाई किंवा मूमिया म्हणू लागले. तो औषध म्हणून वापरत. इजिप्तमधले जतन केलेले देह काळे पडलेले असायचे, त्यांना तोच पदार्थ फासलाय असं वाटून अरबीत त्यांनाही ते नाव चिकटलं आणि तिथून युरोपात गेलं. पुढे युरोपातले औषधविके त्या देहांची पूड करून रोग्यांना द्यायचे, इतका तो गोंधळ रुतला. खुद्द प्राचीन इजिप्तच्या लोकांचा हा शब्दच नव्हे. आईला म्हणायची इंग्रजी 'मम्मी' मात्र लहान मुलांच्या 'मम-मम' मधून आलेली. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द, इंग्रजीत योगायोगाने सारखे लिहिले जातात, बस्स. 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे टॅक्स आणि 'कर' म्हणजे आज्ञा, म्हणून काय 'अभ्यास कर' म्हणणारी आई पोराकडून टॅक्स मागत असते? 'डॅड' आणि 'डेड' चं तर स्पेलिंगही एक नाही, त्यावर शाई खर्च करत नाही.

आता त्या शेवटच्या मुद्द्याकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. बाकीचं अज्ञान आहे, हसून सोडता येतं. हा दुष्टपणा आहे.

रोमान याकोबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली नेमका हाच प्रश्न घेऊन लेख लिहिला: इतक्या भाषांत मामा आणि पापा सारखे का? त्याच्यापुढे जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने गोळा केलेले १०७२ शब्द होते, ५३१ आईसाठी आणि ५४१ वडिलांसाठी. आईच्या शब्दांपैकी म, न, ङ अशा अनुनासिकांचे निघाले ५५ टक्के. वडिलांच्या शब्दांत तसे १५ टक्के. म्हणजे कल आहे, नक्की आहे. पण ५५ म्हणजे शंभर नव्हे. जवळपास निम्म्या ठिकाणी आईचा शब्द वेगळाच आहे, आणि दर सात वडिलांमागे एक 'म-न' च्या गटात जाऊन बसलाय.

त्याने दिलेलं कारण बेंबीपर्यंत जात नाही, ओठ आणि नाकाशी थांबतं. बाळ अंगावर पीत असतं तेव्हा तोंड भरलेलं असतं; आवाज निघाला तर नाकातूनच निघणार, हलकासा 'म्म्'. पुढे दूध नुसतं दिसलं तरी तोच आवाज येतो, मग भूक लागली की, मग काहीही हवं असलं की. बहुतेक वेळा ते 'काहीही' आणून देणारी बाई आईच असते, म्हणून घरातले ठरवून टाकतात की हा शब्द तिचा. ठरवतात मोठी माणसं. बाळ फक्त आवाज काढतं.

आणि मोठी माणसं सगळीकडे सारखं ठरवत नाहीत. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. (हे आमच्या मामाला कळवलंय, त्याचं उत्तर आलेलं नाही.) ऑस्ट्रेलियातल्या पित्जन्तजत्जारा भाषेतही 'मामा' म्हणजे वडीलच. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. इतक्या लांबही जायला नको: आपल्याकडे 'बा' म्हणजे बाप, शेजारच्या गुजरातीत 'बा' म्हणजे आई. कस्तुरबांना सगळे 'बा' च म्हणायचे. मराठी कानाला बाप ऐकू येणारं ते अक्षर गुजराती घरात म्हटलं असतं तर आईने पेढे वाटले असते.

'मंमं' चंही तेच. आपल्याकडे तान्ह्या बोलीत मंमं म्हणजे जेवण. जपानी बाळांच्या बोलीत 'मान्मा' म्हणजे खायला. तुर्कीत 'मामा' म्हणजे बाळाचं अन्न. लॅटिनमध्ये 'मम्मा' चा एक अर्थ स्तन. बाळ काय मागतंय आणि आपण त्याला काय नाव देतो, यात केवढी घसरगुंडी आहे बघा.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिचं पोरगं 'बा' म्हणतं कारण ओठ मिटून उघडले की 'बा' होतो. ते पंख्यालाही बाबा म्हणतं, चपलेलाही म्हणतं, आणि बाप समोर असेल तर त्यालाही. तिच्या नवऱ्याने तेवढंच ऐकलं आणि कॉलर ताठ केली. कामावर लवकर जाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं. मामाला ग्रुपवरच लिहिलं की तो मेसेज काढून टाक. त्याने काढला नाही, पण 'मला काय माहीत, आलं ते पाठवलं' एवढं म्हणाला.

काल बहिणीने सतरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. पोरगं वाटीकडे हात करून 'मम्मम्म' म्हणतंय. खाली तिने लिहिलंय: 'वाटीला म्हणाला हे मला दिसतंय ताई. पण मी माझंच धरून चाललेय.'

धर, बाई.