मामाचं ग्रामर

"तुला येतं ना इंग्रजी? मग हिचं ग्रामर जरा बघ," असं म्हणून बहिणीने भाचीला रोज तासभर माझ्याकडे धाडायला सुरुवात केली. मला इंग्रजी येतं, हे खरं. ते तसंच का, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पहिला धडा सोपा निवडला. स्वराआधी 'ॲन', व्यंजनाआधी 'अ'. भाचीने लगेच लिहिलं, 'ॲन युनिव्हर्सिटी', 'अ अवर'. दोन्ही नियमाबरहुकूम, दोन्ही चूक. मग सारवासारव केली, की अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. 'अवर'मधला 'एच' मुका असतो.

"मुका आहे तर लिहायचा कशाला?"

इथून माझी घसरगुंडी सुरू झाली. कारण पुढचाच शब्द 'डेट'. तारखेची नव्हे, कर्जाची. त्यात एक 'बी' नुसताच बसून आहे. रात्री जागून शोधलं, तर फ्रेंचमधून हा शब्द आला तेव्हा 'बी' नव्हताच! लॅटिनमध्ये 'डेबिटम' आहे म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसडला. म्हणजे कर्ज या शब्दातलं अक्षरसुद्धा उसनं. 'आयलंड'मधल्या 'एस'ची कथा याहून वाईट. लॅटिन 'इन्सुला'शी नातं जोडून तो घातला, आणि नातं निघालं खोटं. 'एप्रन' तर मूळचा 'नेप्रन'. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता त्याचा 'न' 'अ'ने पळवला.

भाचीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांनी चुकलं की स्पेलिंग, आणि मी चुकले की अर्धा मार्क कट?"

मी घाईघाईने क्रियापदांकडे वळलो. "गो, वेन्ट, गॉन."

"'गोड' का नाही?"

"कारण 'वेन्ट' हा 'वेन्ड' नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. 'गो'ने तो हडपला." या वेळी मी आधीच वाचून बसलो होतो. विजयाच्या भरात पुढे म्हणालो, "असला गोंधळ त्यांच्यातच! आपली मराठी बघ, कशी सरळ."

"मग 'जा'चं 'जाला' का नाही होत? 'गेला' कसं?"

पुन्हा रात्र, पुन्हा कोश. 'जा' आलाय संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आलाय 'गत'वरून. इथेही दोन घराणी, एक संसार.

दुसऱ्या दिवशी भाचीला न्यायला आलेल्या बहिणीने विचारलं, "इंग्रजी कुठवर आलं?"

"सध्या मराठीत अडकलंय," भाची म्हणाली.