स्किप झालेल्या शॉटचे पैसे कोणी भरायचे?

तेल-वायू शोधण्यासाठीच्या सिस्मिक सर्वेक्षणाच्या (सुरुंगांच्या हादऱ्यांवरून जमिनीखालचं चित्र काढण्याच्या) करारांवरचा लेख वाचला. ‘सिस्मिक डेटा खराब आला तर ठेकेदाराचे पैसे कापणं हा कंपनीचा हक्कच आहे’, हे त्यातलं वाक्य खटकलं. डेटा खराब म्हणजे काय, आणि तो कोणामुळे, यावरच तर सगळी भांडणं होतात! मी बडोद्याचा. पादरा-जंबुसर पट्ट्यात एका ठेकेदाराच्या सिस्मिक क्रूवर सर्व्हेअर होतो. नकाशावर शॉटचे, म्हणजे सुरुंग उडवायच्या जागांचे, ठिपके सरळ रेषेत असतात, जमिनीवर मात्र तिथे कोणाची तरी बोअरवेल, घर नाहीतर उभी तूर असते. तिथे सुरुंग लावता येत नाही. शॉट बाजूला सरकवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. असे बरेच सुटले की त्या पट्ट्यातला फोल्ड, म्हणजे जमिनीखालच्या एकाच बिंदूच्या नोंदींची संख्या, कमी होतो आणि चित्र धूसर येतं. त्यात जिओफोन (हादरे टिपणारी उपकरणं) अंथरणाऱ्या पोरांची काय चूक? आमच्या वेळी नेमकं याच कारणावरून बिल अडकलं. खेडूत (आम्ही बडोदेकर शेतकऱ्याला सर्रास असंच म्हणतो) पिकाची भरपाई मिळेपर्यंत शेतात पाय ठेवू देईना. क्रू बसून, जनरेटर चालू, आणि स्टँडबायचा (काम खोळंबलेलं असतानाचा) दर कधीपासून लागू, यावर करारात एकच मोघम ओळ!

डेटाच्या मालकीबद्दल लेखक बोलतात ते मात्र बरोबर. आपल्याकडे तो सरकारचा असतो, आणि 2017 पासून तो साठवणारी सरकारी नॅशनल डेटा रिपॉझिटरीही आहे. पुढे तो इतरही वापरणार, म्हणून तर सुटलेल्या प्रत्येक शॉटचं कारण ऑब्झर्वरच्या (रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्याच्या) नोंदीत त्याच दिवशी, दोन्ही बाजूंच्या सहीनं यायला हवं.